जेलवर बँड आहे, मग एन्झाइम गेलं कुठे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, कारण त्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. तुम्ही ठाण्यात एम.एस्सी. बायोटेकचं शेवटच्या सेमिस्टरचं प्रोजेक्ट करताय. ई. कोलाय जिवाणूतून बीटा-गॅलॅक्टोसिडेज, म्हणजे लॅक्टोज तोडणारं एन्झाइम काढलं, अमोनियम सल्फेटने प्रेसिपिटेट केलं, डीईएई कॉलमवरून (विद्युतभारावरून प्रोटीन वेगळे करणाऱ्या) उतरवलं. कॉलमनंतर झेड बफरमध्ये (या एन्झाइमच्या चाचणीचं नेहमीचं द्रावण) ओएनपीजी, म्हणजे एन्झाइमने तोडलं की पिवळं होणारं रसायन टाकल्यावर ट्यूब झकास पिवळी झाली, ४२० नॅनोमीटरला रीडिंग ०.८. मग रात्रभर डायलिसिस केलं, म्हणजे एन्झाइम सच्छिद्र पिशवीत भरून बफरमध्ये ठेवलं: १० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८, १ मिलिमोलर ईडीटीए. दुसऱ्या दिवशी त्याच ट्रिस-ईडीटीए बफरमध्ये, तेवढंच प्रोटीन घेऊन, तेवढ्याच वेळात रीडिंग आलं ०.१. एसडीएस जेलवर मात्र ११६ किलोडाल्टनला एकच देखणा बँड. गाइड म्हणतात प्रोटीन डिग्रेड झालं. तुम्ही म्हणता बँड तर शाबूत आहे. आणि त्यात भर म्हणजे सेमिनारला एका सरांनी विचारलं, ‘ॲक्टिव्ह साइट एका साखळीत असते की चार साखळ्यांत मिळून?’ (ॲक्टिव्ह साइट म्हणजे एन्झाइमची जिथे प्रत्यक्ष काम होतं ती खोबण.) आणि तिथे तुमची गाडी अडली.

सरांचा प्रश्न आणि तुमचं ०.१ हे एकाच गोष्टीबद्दल आहेत. सरांना नीट उत्तर देता आलं असतं, तर रीडिंग का पडलं हेही बरंचसं तिथेच सुचलं असतं.

मी महापेला एका एन्झाइम बनवणाऱ्या युनिटच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, काम करतो. आमच्याकडे लॅक्टोज-फ्री दुधासाठी जे लॅक्टेज जातं ते यीस्टचं असतं, ई. कोलायचं नव्हे, पण नवीन आलेल्या मुलांना हात बसावा म्हणून मी ई. कोलायच्या एन्झाइमवरच शिकवतो. त्याची रचना अणू-अणूपर्यंत माहीत आहे आणि कुठे काय बिघडलं ते शोधता येतं. तुमच्यासारखा बॅच दर वर्षी कोणीतरी घेऊन येतं, आणि ‘डिग्रेड झालं’ हे निदान त्यात सहसा टिकत नाही.

गाइडना उलट उत्तर द्या असं म्हणत नाही. पण डिग्रेड म्हणजे साखळी तुटली. साखळी तुटली असती तर ११६च्या खाली छोटे बँड किंवा निदान धूसर पसारा दिसला असता. तो नाही. म्हणजे तुमच्या जेलने साखळी शाबूत असल्याचं सांगितलं, आणि तेवढंच सांगितलं. एसडीएस घालून उकळल्यावर प्रत्येक साखळी सुटी होते, उलगडते, आणि आपण मोजतो ती फक्त तिची लांबी. गोपाळकाल्याला पथकाची हजेरी घेतली आणि सगळे गोविंदा हजर निघाले, तरी थर लागले होते का हे त्या वहीवरून कळत नाही, तसंच हे. (जाता जाता: तुमच्या अनस्टेन्ड मार्करची माहितीपत्रिका काढून बघा. बऱ्याच मार्करमध्ये ११६चा बँड म्हणून ई. कोलायचं बीटा-गॅलॅक्टोसिडेजच घातलेलं असतं. तो बँडही काहीच काम करत नाही, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.)

आता थर कसे लागतात ते बघू. एका साखळीत १०२३ अमिनो ॲसिड. अशा चार साखळ्या एकत्र येऊन एन्झाइम बनतं, वजन सुमारे ४६५ किलोडाल्टन. ओरेगन विद्यापीठातल्या ब्रायन मॅथ्यूज यांच्या गटाने १९९४ मध्ये क्रिस्टलवरून ही रचना दाखवली. २०१५ मध्ये श्रीराम सुब्रमणियम यांच्या गटाने हेच एन्झाइम क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने २.२ अँगस्ट्रॉमपर्यंत पाहिलं. प्रत्येक साखळीचे पाच डोमेन, म्हणजे वेगवेगळे घडी पडलेले भाग आहेत. मधला, म्हणजे तिसरा डोमेन टिम बॅरल प्रकारचा, पिंपासारखा. ॲक्टिव्ह साइटचा बहुतांश भाग त्याच्या एका टोकाला आहे.

‘बहुतांश’ हा शब्द मुद्दाम वापरला. उरलेला भाग शेजारच्या साखळीतून येतो. तिच्या दुसऱ्या डोमेनमधला एक लूप वाकून या खोबणीत शिरतो आणि मग ती साइट पुरी होते. म्हणजे सरांना द्यायचं उत्तर असं: चार साखळ्या, चार ॲक्टिव्ह साइट, प्रत्येक साइट मुख्यतः एका साखळीची, पण शेजारणीच्या लूपशिवाय अपुरी. म्हणून सुट्या साखळीचा ओएनपीजीसाठी उपयोग नाही. साखळ्या ज्या दोन प्रकारे एकमेकींना चिकटतात, त्यातल्या या लूपवाल्या सांध्याला ‘ॲक्टिव्हेटिंग इंटरफेस’ म्हणतात. नाव सार्थ आहे.

याचा पुरावा तुम्ही स्वतः पाहिलाय, फक्त या अंगाने पाहिला नसेल. क्लोनिंगच्या प्रॅक्टिकलमधल्या निळ्या-पांढऱ्या कॉलनी. त्या स्ट्रेनमध्ये, म्हणजे जिवाणूच्या वाणात, या एन्झाइमच्या जनुकाचं एम१५ नावाचं रूप असतं, त्यात साखळीच्या सुरुवातीची ११ ते ४१ ही अमिनो ॲसिड गायब असतात. हा भाग ॲक्टिव्ह साइटपासून लांबचा आहे, पण तो ॲक्टिव्हेटिंग इंटरफेसवर बसतो. तो नसला की दोन-दोनच्या जोड्या बनतात, चौकडी बनत नाही, आणि काम शून्य. प्लाझ्मिडवरून (जिवाणूत घातलेल्या डीएनएच्या छोट्या वर्तुळावरून) हा सुरुवातीचा छोटा भाग, म्हणजे अल्फा तुकडा, वेगळा मिळाला की चौकडी जुळते आणि कॉलनी निळी होते. सांधा गेला तर काम गेलं, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. हा एम१५ लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता या एन्झाइमला लागणाऱ्या धातूंकडे येतो, कारण माझा पहिला संशय तिथे आहे.

साइटच्या आत दोन ग्लुटामेट (एक अमिनो ॲसिड) महत्त्वाचे: साखळीतल्या ५३७ आणि ४६१ या क्रमांकांचे. लॅक्टोज आत आलं की ४६१ ग्लुकोजच्या बाजूच्या ऑक्सिजनला प्रोटॉन देतो, आणि ५३७ गॅलॅक्टोजच्या पहिल्या कार्बनला पकडतो. ग्लुकोज सुटतं, गॅलॅक्टोज काही काळ ५३७ला सहसंयुज बंधाने जोडलेलं राहतं. मग पाण्याचा रेणू येतो, ४६१ आता त्याचा प्रोटॉन ओढून घेतो, पाणी गॅलॅक्टोजवर चाल करतं आणि गॅलॅक्टोज मोकळं होतं. दोन पायऱ्या, म्हणून बीटा ते बीटाच राहतं. पकडणारा ५३७ आहे हे १९९२ मध्ये नक्की झालं. त्याआधी तो मान ४६१ला दिला जायचा, त्यामुळे जुन्या नोट्स वाचत असाल तर तिथे गोंधळू नका. ओएनपीजी वापरतो तेव्हा ग्लुकोजच्या जागी ऑर्थो-नायट्रोफिनॉल असतं. ते पहिल्याच पायरीत सुटतं आणि तेच पिवळं दिसतं.

मॅग्नेशियम बसतं ते थेट या ४६१ला धरून. सोबत ४१६चा ग्लुटामेट, ४१८चा हिस्टिडीन आणि पाण्याचे रेणू. म्हणजे प्रोटॉन देणारा-घेणारा जो मुख्य गडी, त्याचा विद्युतभार कसा राहायचा हे मॅग्नेशियम ठरवतं. ते साखरेला स्वतः हात लावत नाही. सोडियम मात्र लावतं: ते गॅलॅक्टोजच्या सहाव्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिलला धरतं. सोडियमच्या जागी पोटॅशियमही चालतं, पण दोघांपैकी एक हवंच.

आता तुमचा डायलिसिस बफर पुन्हा वाचा. मॅग्नेशियम नाही. त्याउलट मॅग्नेशियम पकडणारं ईडीटीए आहे, रात्रभर, पिशवीच्या कितीतरी पट बफरमध्ये. सोडियम आहे ते डायसोडियम ईडीटीएतून आलेलं जेमतेम २ मिलिमोलर. शिवाय बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल नाही. हे एन्झाइम पेशीच्या आत, क्षपणकारी वातावरणात राहणारं. त्यात डायसल्फाइड बंध नाहीत, मोकळे सिस्टीन आहेत, आणि उघड्यावर ते हळूहळू ऑक्सिडाइज होतात.

ईडीटीए का घातलं असेल तेही कळतं. प्रोटीन साठवायच्या सर्वसाधारण कृतीत ते असतंच, धातूवर चालणारे प्रोटिएज गप्प राहावेत म्हणून. पण इथे आपलं एन्झाइमच धातूवर चालतं. सर्वसाधारण कृती बिनविचार उतरवून घेण्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, पण ती चूक एकट्या विद्यार्थ्याची नसते. हँडआउटच तसे छापलेले असतात.

आणखी एक बारीक गोष्ट. ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर सरकतो, दर अंशाला साधारण ०.०३. तुम्ही २५ अंशांवर ८.० लावला असेल, तर फ्रिजमध्ये ४ अंशांवर तो ८.६च्या आसपास जातो. पीएच चढला की ईडीटीएची मॅग्नेशियमवरची पकड आणखी घट्ट होते. म्हणजे रात्रभर परिस्थिती तुमच्या लेबलवर लिहिल्यापेक्षा वाईट होती.

तर मॅग्नेशियम गेलं हा माझा पहिला अंदाज. तुमचं ०.१ याच्याशी जुळतं: मॅग्नेशियम काढल्यावर काम बरंच घटतं, पण अगदी शून्य होत नाही. चौकडी पूर्ण मोडली असती तर ब्लँकच्या, म्हणजे एन्झाइम न घातलेल्या ट्यूबच्या, जवळ गेला असतात. अर्थात हा अंदाजच, कारण बहुतेक चौकड्या मोडून उरलेल्यांनी काम केलं तरीही असा आकडा येऊ शकतो. म्हणून तपासायचं, आणि क्रमाने तपासायचं.

सगळ्यात आधी, दोन रीडिंगची तुलनाच बरोबर आहे का? कॉलमनंतरचं रीडिंग तुम्ही झेड बफरमध्ये घेतलंत आणि डायलिसिसनंतरचं ट्रिस-ईडीटीएमध्ये. एकाच वेळी एन्झाइमही बदललं आणि बफरही. आता कोणाला दोष देणार? सुदैवाने दोन्ही वेळा तुम्ही सोडियम कार्बोनेट घालून थांबवलंय, त्यामुळे रंगाची फसवणूक टळली. ऑर्थो-नायट्रोफिनॉलचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला त्यातलं निम्मं पिवळं होतं तो, ७.२ च्या आसपास आहे. पीएच ७ ला त्यातलं सुमारे ४० टक्केच पिवळं असतं, ८ ला ८५ टक्क्यांच्या वर. कार्बोनेट पीएच ११ च्या आसपास नेऊन सगळं पिवळं करतं आणि एन्झाइमही थांबवतं. जे लोक कार्बोनेट न घालता क्युव्हेटमध्येच बघत बसतात, त्यांनी दोन वेगळ्या पीएचचे आकडे शेजारी लिहू नयेत.

मग पुढचा प्रयोग असा. डायलिसिसच्या पिशवीतलं २० मायक्रोलिटर एन्झाइम १ मिलिलिटर ताज्या झेड बफरमध्ये घाला. यात १ मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट, भरपूर सोडियम फॉस्फेट, थोडं पोटॅशियम क्लोराइड आणि ५० मिलिमोलर बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल असतं. शेवटचं त्याच दिवशी घाला, महिनाभर ठेवलेल्या बाटलीत ते असून नसल्यासारखं. ईडीटीए पन्नासपट पातळ होऊन ०.०२ मिलिमोलरवर आलं, मॅग्नेशियम १ मिलिमोलर. म्हणजे ईडीटीएने पोटभर घेतलं तरी मॅग्नेशियम उरतं. ओएनपीजी लगेच टाकू नका, वीस-तीस मिनिटं तसंच राहू द्या, धातूला परत जागेवर बसायला वेळ हवा. शेजारी तीन ट्यूब लावा: एन्झाइमशिवाय ब्लँक, कॉलमचं थोडं राखून ठेवलेलं फ्रॅक्शन असेल तर ते, आणि तुमचं जुनंच ट्रिस-ईडीटीए.

इथे एक सापळा आहे. काहीजण घाईत ट्रिस-ईडीटीएमध्येच १ मिलिमोलर मॅग्नेशियम टाकतात आणि ‘मॅग्नेशियम देऊनही सुधारलं नाही’ असं लिहितात. ईडीटीए आणि मॅग्नेशियम एकास एक जुळतात. १ला १ घातलं तर जवळपास सगळं मॅग्नेशियम ईडीटीएच्याच कुशीत जातं, एन्झाइमला उरतं ते नाममात्र. त्याच बफरमध्ये करायचंच असेल तर निदान ३ मिलिमोलर घाला, म्हणजे २ मोकळं राहील. आणि झेड बफर बनवताना मॅग्नेशियम सगळ्यात शेवटी, फॉस्फेट पूर्ण पातळ झाल्यावर. नाहीतर पांढरा साका बसू शकतो आणि मग किती विरघळलेलं उरलं कोण जाणे.

रीडिंग पुन्हा ०.७-०.८ला गेलं तर प्रश्न मिटला. मॅग्नेशियम गेलं होतं, परत आलं. अर्धवट वर आलं तर काही चौकड्या मोडल्या किंवा सिस्टीन ऑक्सिडाइज झाले. पुढच्या बॅचला सुरुवातीपासून मॅग्नेशियम आणि मर्कॅप्टोइथेनॉल ठेवा, या बॅचमागे लागू नका. काहीच हललं नाही, तरच नेटिव्ह जेलचा, म्हणजे साखळ्या न सोडवता चालवायच्या जेलचा, खटाटोप करा.

तो करायचा तर: एसडीएस नाही, उकळणं नाही, आणि ॲक्रिलामाइड ५-६ टक्के. तुमच्या नेहमीच्या १० किंवा १२ टक्क्यांच्या जेलमध्ये ४६५ किलोडाल्टनचा ऐवज वरच अडकून बसेल. थंडीत चालवा. नंतर जेल एक्स-गॅल (एन्झाइमने तोडल्यावर निळं होणारं रसायन) घातलेल्या झेड बफरमध्ये ३७ अंशांवर बुडवा, पण या वेळी मर्कॅप्टोइथेनॉल वगळा. एक्स-गॅलचा निळा रंग यायला हवेतल्या ऑक्सिजनने ऑक्सिडेशन व्हावं लागतं, आणि क्षपणकारी पदार्थ नेमकं तेच अडवतो. इथे ओएनपीजी वापरू नका; पिवळा रंग जेलभर पसरतो, निळा जिथल्या तिथे बसतो. मग तेच जेल कुमासीने, म्हणजे सगळी प्रोटीन दाखवणाऱ्या रंगाने, रंगवा. निळा बँड आणि कुमासीचा बँड एकाच जागी असेल तर चौकडी आहे. कुमासीत खाली दुसरा बँड आहे आणि तिथे निळं नाही, तर त्या मोडलेल्या जोड्या किंवा सुट्या साखळ्या. नेटिव्ह जेलवर वजनाबरोबर विद्युतभारही चालतो, म्हणून तिथून किलोडाल्टन काढत बसू नका, फक्त वर-खाली बघा.

‘तेवढंच प्रोटीन’ घेतलं असं लिहिलंय, ते कशाने मोजलंत? लॉरी किंवा बीसीए पद्धत असेल तर ईडीटीए आणि मर्कॅप्टोइथेनॉल दोन्ही तिथे लुडबुड करतात. ब्रॅडफर्डने मोजा.

प्रोजेक्टच्या चर्चेत एक परिच्छेद एन्झाइमच्या कामावरही लिहा, कारण बहुतेक जण ‘लॅक्टोजचं ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज’ इथेच थांबतात. सुटलेलं ग्लुकोज दर वेळी बाहेर पडत नाही. ते साइटमध्येच रेंगाळतं आणि पाण्याऐवजी तेच आपल्या सहाव्या हायड्रॉक्सिलने गॅलॅक्टोजला जोडलं जातं. बनतं ॲलोलॅक्टोज. जवळपास निम्मं लॅक्टोज या वाटेने जातं. आणि लॅक ऑपेरॉनच्या (लॅक्टोज पचवायच्या जनुकांच्या गटाच्या) रिप्रेसरला, म्हणजे तो गट बंद ठेवणाऱ्या प्रोटीनला, हटवणारा खरा रेणू हाच ॲलोलॅक्टोज, लॅक्टोज नव्हे. जाकोब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या ऑपेरॉनची कळ अशी याच एन्झाइमच्या खोबणीतून दाबली जाते. म्हणूनच ज्या जिवाणूत हे एन्झाइम नाही, त्यात लॅक्टोज घालून ऑपेरॉन चालू होत नाही, पण आयपीटीजी हा कृत्रिम रेणू घालून होतो. आयपीटीजीला या एन्झाइमची गरज नाही, आणि त्यात ऑक्सिजनच्या जागी गंधक असल्यामुळे एन्झाइम त्याला तोडूही शकत नाही. एका खोबणीत पचन आणि सूचना दोन्ही. मला तरी या एन्झाइमचं हेच सगळ्यात मोठं कौतुक वाटतं.

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे ते तुम्ही लिहिलेलंच नाही: स्ट्रेन कोणता? वर जे सांगितलं ते पूर्ण साखळीचं एन्झाइम बनवणाऱ्या स्ट्रेनसाठी, म्हणजे के-१२चा कुठलाही लॅक-पॉझिटिव्ह. पण कॉलेजच्या फ्रीझरमध्ये हाताशी असतो तो बहुधा डीएच५-अल्फा, पीयूसी प्लाझ्मिडसकट. तो घेतला असेल तर तुमचं एन्झाइम म्हणजे एम१५ आणि अल्फा तुकड्याची जुळणी आहे. काम करतं, पण मूळ एन्झाइमइतकं भक्कम नाही. अल्फा तुकडा कोणत्याही सहसंयुज बंधाने जोडलेला नाही, आणि तो सुटला तर डायलिसिस ट्यूबिंगचा कटऑफ (ज्या वजनाखालचे रेणू तिच्यातून निसटतात ती मर्यादा) पुरेसा मोठा असेल तर बाहेर जाऊ शकतो. एसडीएस जेलवर हे कळणार नाही: ३१ अमिनो ॲसिड म्हणजे साडेतीन किलोडाल्टनच्या आत, ११६च्या शेजारी तो फरक डोळ्याला दिसत नाही. अशा वेळी मॅग्नेशियम कितीही घाला, चौकडी परत येणार नाही, आणि नेटिव्ह जेलवर खालचा, निळा न होणारा बँड ठळक दिसेल.

तेव्हा स्ट्रेन आणि ट्यूबिंगचा कटऑफ खाली कळवा. पिशवीतलं उरलेलं एन्झाइम तोवर टाकून देऊ नका आणि फ्रीझही करू नका. त्यात एकूण ३ मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट आणि १० मिलिमोलर ताजं मर्कॅप्टोइथेनॉल घालून ४ अंशांवर ठेवा. जास्त दिवस ठेवायचं झालं तर निम्मं ग्लिसरॉल घालून उणे २०ला, म्हणजे ते गोठणार नाही.